खतावणीची नक्कल आणि तिचा राखणदार

आपल्या व्यापारी बांधवांपैकी बहुतेकांच्या पेढीवर आता लाल कापडाची वही राहिलेली नाही. बिल संगणकावर निघते, जीएसटीचे विवरण संगणकावरून जाते, कोणत्या गावच्या दुकानदाराकडे किती येणे आहे तेही संगणकच सांगतो. वही गेली, पण वहीची राखण करण्याची जबाबदारी गेली नाही. पूर्वी ती दिवाणजीकडे असे. मोठ्या कंपन्यांत आता ती ज्या माणसाकडे असते त्याला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. बँका, रेल्वे, विमा कंपन्या, बंदरे अशा सर्व ठिकाणी हा माणूस पडद्यामागे काम करीत असतो. गिऱ्हाइकाला त्याचे नाव कधी कळत नाही. सारे सुरळीत चालले असता त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि ज्या दिवशी होते त्या दिवशी बहुधा काही नुकसान झालेले असते.

या पेशातील लोकांनी मोठी किंमत मोजून जे धडे घेतले ते लहान पेढीलाही लागू पडतात. म्हणून या लेखात २०१७ सालच्या दोन घटना तपशिलाने देत आहे. दोन्ही ठिकाणी कंपन्या नावाजलेल्या होत्या, माणसे हुशार होती आणि पैशाची तंगी नव्हती. तरीही वेळ आली तेव्हा जी नक्कल हाताशी हवी होती ती सापडेना.

या माणसाचे काम काय?

डेटाबेस म्हणजे संगणकातील खतावणी. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. गिऱ्हाइकांचा एक तक्ता, मालाचा दुसरा, बिलांचा तिसरा. गिऱ्हाइकाचा पत्ता एकाच जागी लिहायचा आणि बिलात फक्त त्याचा नंबर टाकायचा. आज बँकेपासून किराणा दुकानापर्यंत बहुतेक हिशेब याच पद्धतीवर चालतात.

या पद्धतीतील दोन गोष्टी आपल्याला परक्या वाटू नयेत. पहिली जमा-नावेची. एकाच्या खात्यावर रक्कम नावे पडली आणि दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली नाही, असा अर्धा व्यवहार चांगला डेटाबेस ठेवत नाही. मध्येच वीज गेली तर तो व्यवहार मुळापासून रद्द होतो. दुसरी गोष्ट किर्दीची. जुने दिवाणजी आधी कीर्द लिहीत आणि मग तिच्यावरून खतावणी भरत. डेटाबेसही तसेच करतो. प्रत्येक बदल आधी किर्दीसारख्या एका फाइलीत लिहिला जातो आणि नंतर तक्त्यांत उतरतो. यंत्र अचानक बंद पडले तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस ही कीर्द वाचून खतावणी पुरी करून घेतो. हीच कीर्द दुसऱ्या यंत्राकडे सतत पाठवीत राहिले की तेथे दुसरी खतावणी आपोआप तयार होत जाते. तिला रेप्लिका म्हणतात. आपण तिला जोडखतावणी म्हणू.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या कामांची यादी लांब आहे. कोणाला काय पाहता येईल आणि काय बदलता येईल हे ठरवणे, डिस्क भरत आली का ते पाहणे, संथ झालेले काम जलद करणे, नवी आवृत्ती बसवणे, वगैरे. पण सर्वांत मोठी कामे दोन. एक, नक्कल काढणे, म्हणजे बॅकअप. दुसरे, ती नक्कल परत बसवणे, म्हणजे रिस्टोअर. पहिले काम बहुतेक ठिकाणी होते. दुसरे काम करून पाहिलेले असतेच असे नाही, आणि घात तेथेच होतो.

गिटलॅबची रात्र

जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ज्या ठिकाणी एकत्र ठेवतात अशांपैकी गिटलॅब ही एक कंपनी. तिच्या सेवेचा डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवर चालत असे. मूळ खतावणी एका यंत्रावर आणि जोडखतावणी दुसऱ्यावर, अशी व्यवस्था होती.

३१ जानेवारी २०१७ रोजी लंडनच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सातच्या सुमारास डेटाबेसवर एकाएकी भार वाढला. रात्री अकराच्या सुमारास जोडखतावणी मागे पडली. तिने अजून न उतरवलेली किर्दीची पाने मूळ यंत्राने जागा मोकळी करण्यासाठी काढून टाकली होती. त्यामुळे तिला पुढे जाता येईना. यावर उपाय एकच होता. दुसरे यंत्र पुसून कोरे करायचे आणि मूळ खतावणी तिकडे नव्याने उतरवून घ्यायची.

त्या वेळी कामावर असलेला इंजिनिअर खरे तर दिवसाचे काम आटोपून उठण्याच्या बेतात होता. अडचण आली म्हणून तो थांबला. नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम त्याने पुन्हा पुन्हा चालवला, पण तो पडद्यावर काहीच न दाखवता नुसता अडून राही. खरे म्हणजे तो मूळ यंत्राकडून माहिती येण्याची वाट पाहत होता, आणि असे होते हे कंपनीच्या कामाच्या टिपणांत कोठे लिहिलेले नव्हते. मागच्या प्रयत्नातील काही फाइली दुसऱ्या यंत्रावर उरल्या असतील, असे त्याला वाटले. त्या पुसण्याची आज्ञा त्याने दिली. दोन्ही यंत्रांच्या नावांत फरक फक्त एक आणि दोन या आकड्यांचा. आज्ञा दुसऱ्याऐवजी पहिल्या यंत्रावर गेली, म्हणजे चालू मूळ खतावणीवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले आणि त्याने ती थांबवली. तेवढ्या वेळात सुमारे ३०० जीबी माहितीतील फक्त साडेचार जीबी उरली होती.

आता नकलांची शोधाशोध सुरू झाली. जोडखतावणी तर आधीच पुसलेली होती. रोजची एक नक्कल ॲमेझॉनच्या साठवणीत जात असे. ती जागा उघडली तर रिकामी. नक्कल काढणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, त्यामुळे नक्कल निघतच नव्हती. नक्कल फसली की ई-मेल यावी अशी तजवीज होती. पण पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था त्या मेलना नीट लावलेली नव्हती, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने त्या स्वीकारल्याच नाहीत. ज्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर सारे चालत होते तेथे डिस्कची नक्कल घेण्याची सोय होती. ती फाइली ठेवणाऱ्या यंत्रांसाठी चालू केलेली होती, डेटाबेसच्या यंत्रांसाठी नव्हती. नकलांचे आणि जोडखतावणीचे मिळून पाच उपाय मांडले होते, पण त्यांतील एकही भरवशाने चालत नाही, असे कंपनीने त्या रात्री स्वतःच जाहीर केले.

कंपनी वाचली ती एका योगायोगाने. त्याच दिवशी पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास एका चाचणीसाठी मूळ खतावणीची एक नक्कल हाताने काढून चाचणीच्या यंत्रावर उतरवलेली होती. तीच परत आणायची ठरली. चाचणीच्या यंत्राची डिस्क स्वस्तातली आणि संथ, त्यामुळे नुसती उतरवून घेण्यातच सुमारे अठरा तास गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेवा सुरू झाली. मधल्या सुमारे सहा तासांत झालेल्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यात निदान पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार अभिप्राय आणि सुमारे सातशे नवी खाती होती. लोकांनी ठेवलेले मूळ काम वेगळ्या यंत्रांवर असल्याने ते मात्र शाबूत राहिले.

पुढे कंपनीने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. नकलांची नियमित तपासणी का होत नव्हती, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता. उत्तर असे होते की ही जबाबदारी कोणा एकाची नव्हती, म्हणून तपासणी कोणीच करीत नव्हते. त्या अहवालातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच म्हटले पाहिजे. आज्ञा चुकीच्या यंत्रावर देणाऱ्या माणसाला त्यांनी चव्हाट्यावर आणले नाही. दुरुस्ती चालू असताना तिची नोंद आणि चित्रण त्यांनी जगाला उघडपणे पाहू दिले, आणि त्या नोंदींतही त्याचे नाव घेतले नाही. बोट घसरणे कोणाचेही शक्य आहे. पण महिनोन्‌महिने कोणी नक्कल उघडून पाहिली नसेल, तर तो दोष कारभाराचा आहे.

घानामध्ये वीज गेली म्हणून

त्याच वर्षी २७ जून रोजी दुसरी घटना घडली. तिची झळ आपल्या मुंबईजवळ पोहोचली होती. युक्रेन देशात करविवरण भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली. तिच्या गटातील कंपनी चालवीत असलेले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले आणि कंटेनर अडकले. ज्यांचा माल त्या आठवड्यात निघायचा होता त्यांना खोळंब्याचा हिशेब सांगण्याची गरज नाही.

कोण कर्मचारी, कोणते यंत्र, कोणाला कोणता अधिकार, याची नोंदवही मर्स्कच्या जगभरच्या सुमारे दीडशे यंत्रांवर होती. ही यंत्रे एकमेकांशी जोडलेली असत आणि एकावरचा बदल बाकीच्यांवर आपोआप जाई. एक बिघडले तर दुसऱ्यावरून भरून घेता येईल, असा हिशेब होता. सगळीच एका वेळी पुसली जातील हा विचार त्यात नव्हता, आणि झाले तेच. ही नोंदवही नसेल तर बाकीची यंत्रे उभी करण्यातही अर्थ नव्हता.

शोध घेता घेता एक प्रत सापडली ती आफ्रिकेतील घाना येथील कचेरीत. हल्ला झाला त्या वेळी तेथे वीज गेली होती. यंत्र बंद, तार तुटलेली, म्हणून व्हायरस तेथे पोहोचलाच नाही. ती प्रत इंटरनेटवरून इंग्लंडला पाठवायची तर तेथील लाइन फार संथ होती. घानामधील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तेथील विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती ती दिली, आणि ती विमानाने लंडनला पोहोचली. पुढे कंपनीने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ साली दाव्होस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

दीडशे प्रती असून उपयोग झाला नाही आणि एक तुटक प्रत कामास आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जोडखतावणी ही नक्कल नव्हे. मूळ वहीत खाडाखोड झाली की तिच्यातही क्षणात तीच खाडाखोड होते. यंत्र बिघडले तर ती कामी येते. चूक, चोरी किंवा व्हायरस यांपुढे तिचा इलाज चालत नाही.

आपल्या पेढीला लागू पडणारे धडे

१. नक्कल उघडून पाहावी. कापडाच्या धंद्यात गाठ आली म्हणून कोणी लगेच चलनावर सही करीत नाही. गाठ सोडतो, ताके मोजतो, एखादा ताका उलगडून वार पाहतो. नकलेचेही तसेच करावे. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर बसवावी आणि तीन गोष्टी ताडून पाहाव्यात : शेवटच्या बिलाचा नंबर, महिन्याच्या विक्रीची बेरीज आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची बाकी. तिन्ही जुळल्या तरच नक्कल आहे असे समजावे. पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ अशी अक्षरे दिसली, एवढ्यावर विसंबू नये.

२. एक प्रत तुटक आणि दूर असावी. या पेशात तीन-दोन-एक असा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. पेनड्राइव्ह कायम संगणकाला लावून ठेवला तर व्हायरस दोन्ही एकदम खातो. तोच पेनड्राइव्ह दुकानाच्या गल्ल्यात ठेवला तर आग किंवा पूर दोन्ही एकदम नेतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत तळमजल्यावरील दुकानांचे आणि गोदामांचे काय झाले ते अनेकांनी पाहिले आहे. एक प्रत घरी किंवा दुसऱ्या गावच्या विश्वासू नातलगाकडे, कुलपात आणि पासवर्ड लावून ठेवावी.

३. जबाबदारी नावाने द्यावी. ‘पोरे बघतात’ हे उत्तर चालणार नाही. नक्कल कोण काढतो, तपासतो कोण आणि तो रजेवर असता त्याच्या जागी कोण, ही तीन नावे कागदावर लिहून भिंतीला लावावीत. काढणारा आणि तपासणारा शक्यतो वेगळे असावेत. रोकड मोजताना आपण हेच करतो.

४. शांततेवर विश्वास ठेवू नये. फसल्याची खबर आली नाही याचा अर्थ काम झाले असा होत नाही. खबर देणारी व्यवस्थाच बंद असू शकते. म्हणून रोज काम झाल्याची खबर यावी असे ठेवावे, आणि ज्या दिवशी ती आली नाही त्या दिवशी चौकशी करावी. नकलेच्या फाइलीचा आकारही पाहावा. काल जी चाळीस एमबी होती ती आज दोन एमबी कशी झाली, हे विचारले पाहिजे.

५. एकच पासवर्ड सर्वांना देऊ नये. अनेक पेढ्यांवर मालक, मुलगा, गुमास्ता आणि अकाउंटंट एकाच नावाने संगणकात शिरतात. मग कोणी काय बदलले ते कळत नाही. प्रत्येकाला वेगळे नाव द्यावे. बिल करणाऱ्याला बिल करता यावे, पण जुने बिल पुसण्याचा अधिकार एक-दोघांकडेच असावा. सरावासाठी केलेल्या हिशेबाला ‘सराव’ असे ठळक नाव द्यावे. गिटलॅबनेही घटनेनंतर यंत्रांची नावे पडद्यावर स्पष्ट ओळखू येतील अशी सुधारणा हाती घेतली.

६. पुसण्याची घाई करू नये. जाणकार ॲडमिनिस्ट्रेटर फाइल पुसण्याऐवजी तिचे नाव बदलून बाजूला ठेवतो आणि आठवड्याने पाहतो. मोठा फेरबदल करताना दुसऱ्या माणसाला शेजारी बसवतो आणि आज्ञा देण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवतो. रात्री उशिरा, थकलेल्या डोक्याने असे काम करायचे नाही, हा त्याचा शिरस्ता असतो.

७. दोन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवावीत. किती वेळाचे काम गेले तर आपल्याला सोसेल? आणि दुकान किती वेळ बंद राहिले तर सोसेल? गिटलॅबचे काम सुमारे सहा तासांचे गेले आणि सेवाही अठरा तासांच्या आसपास बंद राहिली. ज्याच्याकडे रोज दहा बिले होतात त्याला दिवसाची एक नक्कल पुरेल, कारण एका दिवसाची बिले चलनांवरून पुन्हा लिहिता येतील. ज्याच्याकडे हंगामात दिवसाला पाचशे बिले होतात त्याने दुपारी एक आणि रात्री एक काढावी. उत्तर पेढीगणिक बदलेल, पण ते ठरवलेले असावे.

कायदा काय म्हणतो?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ५७ तर संगणकावरील हिशेबाबाबत स्पष्टच सांगतो की नक्कल अशा रीतीने ठेवावी की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत माहिती परत उभी करता यावी. म्हणजे नक्कल काढली एवढे सांगून भागत नाही, ती परत बसवता आली पाहिजे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता येणार नाही असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. एकमालकी पेढी आणि साधी भागीदारी यांना हा नियम नाही. तरीही बदलाची नोंद ठेवणे त्यांच्याही हिताचे आहे. भागीदारांतील किंवा भावाभावांतील अनेक वाद ‘हा आकडा कोणी बदलला’ येथूनच सुरू होतात.

मुलामुलींसाठी दोन शब्द

आपल्या घरांतील जी मुले-मुली वाणिज्य शाखेकडे किंवा संगणकाकडे वळत आहेत त्यांनी या पेशाचा विचार जरूर करावा. ज्याने घरी कीर्द-खतावणी पाहिली आहे त्याला डेटाबेसची रीत लवकर उमगते. शिकण्यास खर्च फार नाही. पोस्टग्रेस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. पुस्तकी अभ्यासाबरोबर एक सराव मात्र करावा. दुकानाच्या जुन्या बिलांचा एक डेटाबेस तयार करावा, त्याची नक्कल काढावी, मग मूळ मुद्दाम पुसून टाकावे आणि घड्याळ लावून परत उभे करून दाखवावे. नोकरीच्या मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा हा अनुभव अधिक कामास येईल, कारण त्या वेळी काय काय अडते ते करून पाहणाऱ्यालाच सांगता येते.

व्यापारी बांधवांना इतकीच विनंती की येत्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एक तास काढावा. आपली सर्वांत ताजी नक्कल दुसऱ्या संगणकावर बसवावी आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. जुळल्या तर तारीख आणि सही करून कागद फाइलीला लावावा. जुळल्या नाहीत तर त्याच दिवशी अकाउंटंटला बोलवावे, कारण मूळ हिशेब शाबूत असेपर्यंतच नवी, धड नक्कल काढता येते.